न चाटलेली निब

मी निब बोलतेय. शाईत बुडवून लिहायच्या टाकाची निब. आता माझ्याकडे बघून पहिल्या झटक्यात कुणाला हे पटत नाही, ते सोडा. रुंदीला मी दोन बोटं आणि लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी. दुकानात असताना एका बाईंनी मला उचलून, "हे उलथणं गंजणार नाही ना?" असं विचारलं होतं. मी ऐकून घेतलं. काय करणार?

शिक्षण माझं बेताचंच. निब असून एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे बघा. पण आजूबाजूला काय चाललंय ते बरोबर कळतं मला.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. मालक साचेवाल्याला म्हणाले, "पाट्या रंगवणाऱ्यांसाठी जरा मोठी कर," आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. मालकांना हातवारे करून बोलायची सवय. साचेवाल्याने बिचाऱ्याने ते माप खरं मानलं. आम्ही बारा बहिणी निघालो. अकराजणी परत भट्टीत गेल्या. मी नमुना म्हणून स्टेशनरीच्या दुकानात पोचले होते, म्हणून वाचले. आमच्या मापाचे होल्डरही केले होते म्हणे, पण ते कुठे पांगले कोण जाणे. होल्डर म्हणजे आमची दांडी हो. ती नसली की निब म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा.

एकोणतीस वर्षं दुकानातल्या काचेमागे काढली. मग मला दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. त्यांना नाद जुन्या निबांचा आणि होल्डरांचा, तोही भलत्याच मापांच्या. दवाखान्यातला एक अख्खा खण आमचा. माझ्या उजव्या कप्प्यात नकाशे काढणाऱ्यांची निब राहते, डासाच्या सोंडेएवढी. स्वभावाने टोचरी, पण मनाने बरी. डाव्या कप्प्यात हातभर लांबीचा एक होल्डर तिरका पडून असतो, पाय पसरून झोपल्यासारखा. त्याचं कुणाशी पटत नाही. का पटत नाही तेही मला ठाऊक आहे, पण ते राहू दे.

डॉक्टरांचा एकच नियम. निबेला शाई लावायची नाही. शाई लागली की ती नवी राहत नाही. अकरा वर्षं त्यांनी मला फक्त चिमट्याने उचललं. आणि दाखवलं कुणाला? खुर्चीतल्या पेशंटला. तोंडात कापूस, ओठाला नळी. "ही बघा माझी राणी, हिच्या मापाचा होल्डर जगात नाही," असं सांगितलं तर तो काय उलटून बोलणार? यापेक्षा शहाणा श्रोता मिळत नाही.

मला एवढंच वाटायचं, की एकदा तरी लिहावं. एक रेघ. फार मागतेय का?

आणि एक दिवस डॉक्टर काउंटरवर बसलेल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना म्हणाले, "अगं, मोठ्या निबेला गंजाचा ठिपका दिसतोय. दुपारच्या सुट्टीत तिच्यावर ॲक्रिलिक ओततो. कायमची सुरक्षित."

कवळीची हिरडी ज्याची करतात ना, तेच ते, फक्त काचेसारखं आरपार. त्यात गाडणार होते मला.

दुपारच्या आधीचा शेवटचा पेशंट म्हणजे पेंटरकाका. समोरच्या गल्लीत पाट्या रंगवतात. त्यांची दाढ कोरता कोरता डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. "हिचं हे शेवटचं दर्शन बरं का."

काकांचे डोळे एवढाले झाले. "आं! आं आं!" ते हात नाचवून माझ्याकडे बोट दाखवायला लागले.

"दुखतंय? थांबा, आणखी एक इंजेक्शन देतो."

"आं आं आं!"

"एवढं दुखतंय?" तिसरं दिलं.

आता काकांचं तोंड नाकापासून हनुवटीपर्यंत उसनं आणल्यासारखं झालं. त्यांनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन ओढलं आणि औषधाच्या चिठ्ठीवर, काय सुरेख अक्षर सांगू, लिहिलं: 'दुखत नाही. हिचा होल्डर माझ्याकडे आहे.'

डॉक्टर तिथेच स्टुलावर बसले.

दाढ बुजवून घेऊन काका गेले आणि दहा मिनिटांत परत आले. हातात होल्डर! गाजराएवढा जाड, अंगावर सतरा रंगांचे थर. निब न मिळाल्यामुळे काकांनी तीस वर्षं त्याने रंगाचे डबे ढवळले होते. मी बघितलं आणि... जाऊ दे, या वयात काय सांगायचं.

डॉक्टरांनी हात पुढे केला. काकांनी होल्डर पाठीमागे लपवला आणि दुसरी चिठ्ठी दिली: 'पैसे नकोत, असाच देतो. पण आधी लिहायचं.'

"शक्य नाही! शाई लागली की ती नवी राहणार नाही हो!"

"चाळीस वर्षांची झाली ती," वहिनी काउंटरवरून म्हणाल्या. "नवी कसली? आणि लिहायचं नाही तर अहो, ती निब कशाला? चमचा जमवा."

डॉक्टर एकदा ॲक्रिलिकच्या वाटीकडे बघायचे, एकदा होल्डरकडे. शेवटी चिमट्यानेच मला उचलून त्यांनी काकांच्या हातात दिलं, लेकीला सासरी पाठवताना करतात तसं तोंड करून.

मी होल्डरमध्ये गेले. खट्! काकांनी खिशातून आणलेल्या शाईच्या बाटलीत मला बुडवलं, काउंटरवरच्या कागदावर टेकवलं आणि... काही नाही. शाईचे गोल गोल मणी माझ्या अंगावरून घरंगळले आणि थेट वहिनींच्या पेशंटच्या नोंदवहीत पडले. लाजेने मेले मी.

काकांनी तिसरी चिठ्ठी लिहिली: 'कारखान्याचं तेल आहे अंगावर. नवी निब आधी चाटावी लागते.'

"मग चाटा की," वहिनी म्हणाल्या.

काकांनी जीभ बाहेर काढली. ती एका बाजूला लोंबली, आत जाईना. त्यांना कळेना ती आहे कुठे. तीन इंजेक्शनं होती ना!

"हे काही खरं नाही," वहिनी उठल्या. "ज्याची वस्तू त्याची जीभ. अहो, आ करा."

"मी? अगं, पंचवीस वर्षं मी लोकांना सांगतोय की भलतंसलतं तोंडात घालू नका!"

"आ करा म्हणते ना. मोठा. अजून मोठा. दुखणार नाही."

आणि मला अकरा वर्षं चिमट्याने धरणाऱ्या त्या माणसाने डोळे घट्ट मिटून मला चाटलं. पुढून, मागून, खांद्यापर्यंत. लवंगेचा वास होता जिभेला.

मग शाई अशी धरली मी अंगावर, की सोडेचना.

शब्द नाही लिहिला हो. पाट्या रंगवायला शिकताना आधी शब्द लिहीतच नाहीत म्हणे, नुसत्या उभ्या रेघा ओढतात. काकांनी एक ओढली. काळी, भरदार, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. डॉक्टर नाक टेकेल इतके कागदावर वाकले. मग हळूच म्हणाले, "मी एक ओढू?" सगळी सुट्टी तेच चाललं. वाटीतलं ॲक्रिलिक तिथेच आळून दगड झालं.

आता मी खणात नसते. संग्रहाच्या यादीत माझ्यापुढे 'वापरलेली' असं लिहिलंय, आणि काउंटरवरच्या पेल्यात मी होल्डरसकट उभी असते. इथून सगळं दिसतं. कोण कवळी विसरून गेलं, कोण रडलं, सगळं. शाईचा डाग जात नाही, डावं टोक जरा झिजलंय, गंजाचा ठिपकाही वाढलाय. आणखी चार-पाच वर्षं निघतील. निघू देत.

तुमच्याही खणात कुणी असं कोरं जपून ठेवलं असेल तर एवढं ऐका माझं. काढा बाहेर, चाटा, बुडवा. जीभ काळी होते, पण दोन दिवसांत जाते. डॉक्टरांची गेली.

दुपारची सुट्टी झाली वाटतं. डॉक्टर हात धुतायत, काका खुर्ची ओढतायत. साडेतीन महिने रोज दुपारी काकांनी डॉक्टरांकडून नुसत्या रेघा काढून घेतल्या, आज पहिलं अक्षर आहे. मला बाई धडधडायला लागलंय. येते हं.