बंबाचं मागचं दार

मी खोडरबर बोलतोय. थांबा, हसू नका! नकाशांच्या कचेरीत पेन्सिल मिरवते, कंपास गिरक्या घेतो, आणि टी-पट्टी तर आपण सरळ आहोत म्हणून जगाला शहाणपण शिकवते. चुका निस्तरायच्या मात्र मी. आणि निस्तरता निस्तरता अंगाचा भुगा झाला, की 'कचरा करतो मेला' म्हणून फुंकर!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. जाग आली ती १९५६ साली, मद्रासच्या माउंट रोडवरच्या एका दुकानात, काचेच्या बरणीत. तिथून मला उचललं वादिराजरावांनी. तंजावरकडचे मराठी गृहस्थ, सरकारी बांधकाम कचेरीत नकाशे काढायचे. सात वर्षं झाली तरी नोकरी आपली टेंपररीच.

माणूस गोड, पण आयुधपूजेला माझ्यावर अन्याय करायचे. नवरात्रात कंपास, टी-पट्टी, पेन्सिलीसुद्धा ओळीनं मांडून सगळ्यांना चंदन-कुंकू. मला नाही! 'रबराला कुंकू लागलं तर कागद रंगेल,' म्हणे. मला फार लागायचं हो ते.

असो. मद्रासच्याच वेस्ट मांबलममध्ये तेव्हा ताडाच्या झापांच्या झोपड्या पुष्कळ. उन्हाळा आला की एक पेटायची आणि मागोमाग रांगच्या रांग. बंब यायचा लांबून, आणि नेमकं रेल्वेचं फाटक बंद! म्हणून तिथं नवं फायर स्टेशन बांधायचं ठरलं.

आमचे साहेब बाळकृष्ण सबनीस, पुण्याहून आलेले. म्हणाले, "आमच्याकडे म्हणतात, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी."

वादिराजराव गंभीरपणे म्हणाले, "रामेश्वर तर इकडेच आहे, सार. सोमेश्वर कोठे आलं?"

साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "हा नकाशा तुम्ही एकट्यानं काढा. तीन आठवड्यांनी, सोमवारी बिनचूक हातात पडला, तर कायम करण्यासाठी तुमचं नाव पाठवतो."

मग काय! तीन आठवडे जेवणाची शुद्ध नव्हती. खाली दोन बंबांची जागा, वर जवानांची खोली, झटकन खाली उतरायला पितळी खांब, ओल्या नळ्या टांगून वाळवायला उंच मनोरा. आणि बंबाचं दार? पेठेतल्या सगळ्यात रुंद रस्त्यावर. बंब कसा, वळायलाही नको, सरळ बाहेर! शनिवारी साहेबांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास!" आता फक्त खोल्यांची नावं घालायची उरली होती. ती रविवारी घालावी म्हणून वादिराजरावांनी कागद घरी आणला.

सरोजाबाई, म्हणजे त्यांची बायको, कॉफीचा पेला घेऊन आल्या आणि नकाशावर वाकल्या.

"अहो, ही आमच्या आईच्या घराची वीथी नव्हे?"

"तीच. किती रुंद रस्ता आहे बघ!"

"रुंद असेल नाही तर काय! रामनवमीला देवाचा रथ जातो तेथून. आणि आमच्या आईच्या दारापुढेच थांबतो. दोर ओढणारे गुळाचं पानक पितात, ताक पितात, दोन-दोन तास हलत नाहीत. तुमचं दार बरोबर समोर. बंब काय रथावरून उडी मारणार?"

वादिराजरावांचा चेहरा पार उतरला. लग्न झाल्यापासून दर वर्षी तो दोर ओढलेला माणूस! रस्ता रथासाठी रुंद ठेवलाय, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हे महाशय रुंदी मोजून आले, पण रथच विसरले.

"वर्षातून एकच दिवस आहे," ते पुटपुटले. "साहेबांनी पास केलंय. आता खोडलं तर नाव जायचं नाही."

"आग काय पंचांग बघून लागते?" सरोजाबाई म्हणाल्या.

मी पेटीत जीव मुठीत धरून. माणसाला खोडायची लाज वाटते, हे मी किती वेळा पाहिलंय! शेवटी त्यांनी मला उचललं. दार राहिलं, पण मागची भिंत खोडली, कारण मागच्या रस्त्यावर दुसरं दार हवं होतं. मग आड येणारा जिना खोडला, मनोरा खोडला. संध्याकाळपर्यंत मी चिंचोक्याएवढा उरलो. पण काय सांगू, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सोमवारी साहेब भडकले. "मी पास केलेला नकाशा खोडलात?"

"होय, सार. चूक माझी होती."

सगळं ऐकून साहेब निवळले, पण नकाशा महिनाभर लांबला आणि त्या वर्षी नाव गेलं नाही. वादिराजरावांनी मला मात्र खिशात जपून ठेवलं.

स्टेशन झालं. १९६१ची रामनवमी आली. रथ सासूबाईंच्या दारापुढे थांबला, पानकाचे पेले फिरू लागले, आणि रुळांच्या बाजूला धूर दिसला. घंटा घणघणली! पुढच्या दारासमोर रथ आणि हजार माणसं. वादिराजराव दोर सोडून उभे, छाती धडधडतेय. मी खिशातच होतो, मला विचारा. तेवढ्यात मागच्या रस्त्यावर बंबाची आरोळी उठली आणि झपाट्यानं दूर गेली.

अकरा झोपड्या जळल्या. माणूस एकही गेलं नाही. रथ बघायला आलेले सबनीससाहेब गर्दीतूनच ओरडले, "राव, बंब रामेश्वरीच पोचला हो!" त्याच वर्षी वादिराजराव कायम झाले.

मग नवरात्र आलं. आयुधपूजेला वादिराजरावांनी मला खिशातून काढून टी-पट्टीच्याही पुढे ठेवलं आणि कुंकवाचं बोट माझ्यावर टेकवलं.

"अय्यो! आता ते कागदाला चालणार नाही," सरोजाबाई म्हणाल्या.

"नको चालू दे. त्याचं काम झालं."

तेव्हापासून दर नवरात्रात सरोजाबाई पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात त्यांत मीही असतो, लाकडी राजा-राणीच्या मधे. तुम्हाला एवढंच सांगतो, चूक दिसली तर पेन्सिलीत असतानाच खोडा. शाई फिरल्यावर आमचा इलाज नाही. आणि कधी मांबलमला आलात तर मला बघून जा. कुंकू लावलेला रबर कोणता, म्हणून विचारा. एकटाच आहे मी.