बिनवासाच्या घरातलं निलगिरीचं तेल

नाकवाल्यांच्या घरात वासाला बंदी होती. साबण बिनवासाचा, पावडर बिनवासाची, कुणी फुलं आणलीच तर ती गॅलरीच्या कठड्याबाहेर. चहाच्या कंपनीत एकवीस वर्षं चहा चाखून त्यांचं नाक असं तयार झालं होतं, की शेजारच्यांनी कपाट उघडलं तरी यांना डांबराच्या गोळ्या कळत. कंपनीत त्यांना सगळे नाकवालेच म्हणत. घरचे त्या नाकाला जपत, जसं काही ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं काचसामान आहे.

म्हणूनच त्या घरात निलगिरीच्या तेलाच्या तीन बाटल्या होत्या. एक बायकोची, एक सासूबाईंची, एक मुलीची. तिघींना अधूनमधून सर्दी होई, तिघींचा निलगिरीवर विश्वास, आणि प्रत्येकीला वाटे की या घरातली चोर आपण एकटीच. बायकोची बाटली शिवणाच्या डब्यात, सासूबाईंची ट्रंकेत लोकरीच्या गुंड्यांखाली, मुलीची गिटारच्या पेटीत. झाकणं घट्ट, वर प्लास्टिक, त्यावर रबरबँड.

अशा घरात मंगळवारी खुद्द नाकवाल्यांनाच सर्दी झाली, आणि बुधवारी सकाळी अकराला परीक्षा! कंपनीतले मुख्य चाखणारे निवृत्त झाले होते. त्यांची खुर्ची नाकवाल्यांना द्यायची की भुरकेबुवांना, हे मालकीणबाई नऊ कप समोर ठेवून ठरवणार होत्या. भुरकेबुवा वयाने बरेच धाकटे. चमच्यातला चहा असा ओढत की खाली रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठे. चव किती कळे देव जाणे, पण भुरक्यात आत्मविश्वास भरपूर.

"बाझं दाक गेलं," पलंगावर बसून नाकवाले म्हणाले.

"गेलं कुठे? जागेवरच आहे," बायको म्हणाली. "नुसतं बंद आहे."

"बंद दुकान काय अडि बुडालेलं दुकान काय, उद्या अकरा वाजता सारखंच!"

बायकोला राहवेना. संध्याकाळी उशीचा अभ्रा बदलताना तिने हळूच दोन थेंब टाकले. नवऱ्याचं तोंडाने श्वास घेणं ऐकलं आणि आणखी दोन टाकले. सासूबाईंनी जावयाचा मफलर झटकून आणायच्या निमित्ताने नेला आणि त्यावर सात थेंब दिले. पाच ठरवले होते, पण जावई मोठा माणूस, दोन मानाचे. मुलीने सकाळी बाबांच्या कोटाच्या अस्तराला बोट लावायला बाटली उघडली आणि ती हातातून निसटली. तिचे थेंब मोजण्याच्या पलीकडचे.

सकाळी घर असं दरवळलं की भिंतीवरच्या पालीनेही खिडकी गाठली. पण बोलणार कोण? जी बोलेल तिची बाटली सापडणार. बायकोला वाटलं, अगं बाई, माझे चार थेंब एवढे! सासूबाईंना वाटलं, ते दोन मानाचे नडले.

"आज हवा किती छान आहे, नाही?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"हो ना आजी, एकदम मोकळी," म्हणत मुलीने दुसरी खिडकी उघडली.

नाकवाल्यांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांना दिसल्या फक्त डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तीन बायका. त्यांना गहिवरून आलं. "अगं, रडताय काय? बी काय लढाईवर चाललोय?"

"तसंच समजा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मफलर आणखी एक वेढा देऊन गुंडाळला.

बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली, मग पुढची, मग मागची. नाकवाल्यांना वाटलं, आपल्या चेहऱ्यावर आज काही तेज आलं असावं. आणि तिसऱ्या थांब्यापाशी त्यांचं नाक उघडलं. कंडक्टरचा ओला रेनकोट कळला, कुणाच्या तरी पिशवीतलं संत्रं कळलं, वर्तमानपत्राची शाई कळली. कळली नाही ती एकटी निलगिरी. रात्रभर तिच्यातच मुरल्यावर ती काय कळणार? पिठाच्या गिरणीवाल्याला गिरणी ऐकू येत नाही, तशातली गत.

चाखायच्या खोलीत मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. भुरकेबुवांनी पहिला भुरका मारला आणि त्यांना ठसका लागला.

"हे सगळे कप खोकल्याच्या गोळीसारखे लागतायत!"

"काय सांगता?" नाकवाले मनापासून म्हणाले. "मला तर फार मोकळं वाटतंय."

आणि ते कपामागून कप सांगत सुटले. हा टेकडीवरचा, हा सपाटीवरचा, हा पावसात खुडलेला. "सातवा गुणी होता हो, पण ओल्या पेटीत बसून बिघडला." मालकीणबाईंनी पाकीट फोडून यादी पाहिली. नऊच्या नऊ बरोबर. भुरकेबुवांचे तीन, त्यातले दोन अंदाजाने.

"हा अन्याय आहे!" भुरकेबुवा नाक पुसत म्हणाले. "यांनी खोलीच नासवली!"

"आपलं गोदाम रंगाच्या कारखान्याला चिकटून आहे," मालकीणबाई रुमालाआडून म्हणाल्या. "तिथे चव घेताना काय, कारखाना बंद ठेवायला सांगणार? खुर्ची नाकवाल्यांची. पण सोमवारपासून. तोवर त्यांनी रोज चार वेळा आंघोळ करायची. आणि कुणीतरी ती खिडकी उघडा!"

नाकवाल्यांनी घरी फोन लावला. तिकडे स्पीकर चालू होताच, त्यांना तोंड उघडू न देता बायको म्हणाली, "अहो, माझंच चुकलं. उशीवर निलगिरीचे चार थेंब मी टाकले."

"तू कशाला अंगावर घेतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मफलरवर सात मीच टाकले."

"आजी, कोटावर तर मी अख्खी बाटली..."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अगं, ऐका तरी!" नाकवाले ओरडले. "खुर्ची मिळाली! बहुतेक त्या तेलामुळेच!"

मग बायको म्हणाली, "रात्रभर नाकाशी उशीच तर होती."

"चार थेंबांनी होतं होय गं काही? सकाळभर गळ्याशी सात होते, सात!"

"पण जास्त तेल माझं होतं!"

"तू सांडलंस."

"सांडलं म्हणून काय झालं? लागलं बाबांनाच ना?"

"हॅलो," नवे मुख्य चाखणारे म्हणाले. "हॅलो?"

"अहो, थांबा हो जरा," तिकडून बायको म्हणाली. "इथे महत्त्वाचं चाललंय."