चालत्या चाकाला नमस्कार

कमरीपेठेतल्या अप्पाजींच्या मसाला गिरणीत दिवस उगवायचा तो नमस्काराने. आधी बटण, मग नमस्कार. हा क्रम अप्पाजींच्या वडिलांपासूनचा. बंद यंत्राला ओवाळणं म्हणजे मढ्याला ओवाळणं, असं अप्पाजी म्हणत. म्हणून मोठं चाक गरगरू लागलं की पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढायची, अप्पाजींनी चौकटीला कुंकू लावून उदबत्ती फिरवायची, आणि मग बायकांनी एकेक करून पुढे वाकायचं. समोर अप्पाजी, म्हणून डोक्यावर पदर. दिवसभर कमरेला घट्ट खोचलेला पदर नेमका तेवढ्या वेळापुरता मोकळा व्हायचा.

पहिला मान कृष्णाबाईचा, कारण गिरणीत सगळ्यांत जुनी तीच. ती तराजूवर मिरचीपूड तोलायची. नवऱ्याचे डोळे गेले, त्याचं शिवणयंत्र विकलं, तेव्हापासून घर या तराजूवरच चाललं होतं. तोलायची सवय अशी, की माणसंही ती मनात पारड्यात टाकून बघे. अप्पाजी बोलायला जड, द्यायला हलके. त्यांचा मुलगा सुमंत भरलेला चांगला, पण तोंड नीट न चिकटवलेली पुडी. धक्का लागला की सांडला.

गेल्या दिवाळीच्या आधी नमस्कार करताना तिच्या पदराचं टोक पट्ट्यात गेलं होतं. सुमंतने झेप घेऊन बटण बंद केलं म्हणून मान वाचली, पदर गेला. अप्पाजींनी नवी साडी दिली, देवाने राखलं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा निघाली. फरक पडला तो एवढाच, की तेव्हापासून नमस्काराच्या वेळी सुमंत बटणावर हात ठेवून उभा राहू लागला. वडिलांना चार शब्द सांगण्यापेक्षा ते त्याला स्वस्त पडलं असावं.

मग बेंगळुरूच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली: कामाच्या जागी काय काय धोके आहेत ते तपासून घ्या, तरच माल घेऊ. तपासायला धारवाडहून निवेदिता आली. केलगेरीकडची, वकिलाची मुलगी. आली ती दुपारी. जाळी जागेवर, पदर खोचलेले, तोंडाला फडकी. प्रत्येक धोक्याला ती दोन आकडे द्यायची, घडायची शक्यता किती आणि घडलं तर नुकसान किती, आणि त्यांचा गुणाकार करायची.

"अक्का, इथे कधी काही झालंय का?" तिने कृष्णाबाईला विचारलं.

"छे. मिरची डोळ्यात जाते, तेवढंच."

"सांगा की कृष्णाक्का," मागून सुमंत म्हणाला. "नाव कुणाचं येत नाही त्यात."

हा माझ्या तोंडून स्वतःच्या बापाला सांगू बघतोय, हे कृष्णाबाईला कळलं. स्वतःपुरतं असतं तर ती गप्पच बसली असती. पण आता रोज तिच्या पाठोपाठ लीला वाकायची. पेठेतल्याच एका घरची नवी सून, गिरणीत नुकतीच लागलेली, अंगावर सुळसुळीत नायलॉनची साडी, पदर खांद्यावर म्हणून ठरायचा नाही. कृष्णाबाईने ओट्यावर बसून सगळं सांगितलं. "बाकी काही नको बाई. आधी नमस्कार, मग बटण. एवढं करा म्हणावं."

निवेदिताने लिहून घेतलं. गिरणीतला सगळ्यांत मोठा आकडा नमस्काराच्या वाट्याला आला.

आठवड्याने अप्पाजींनी कृष्णाबाईला आत बोलावलं. टेबलावर निवेदिताचा कागद होता. सुमंत खिडकीतून रस्ता बघत होता. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुझं नाव नाही हो यात," अप्पाजी गोड आवाजात म्हणाले. "पण पदर एकदाच गेला होता, आणि तो कुणाचा ते मला ठाऊक आहे."

"अप्पाजी, मी वाईटासाठी नाही सांगितलं. ही लीला..."

"चुकीचं कोण म्हणतंय? हे बघ, तिने लिहिलंय, धोक्याचं मूळच काढून टाकणं हा पहिला उपाय. शिकलेली पोर आहे. आता मूळ कोणतं? चाक तर काढता येत नाही."

"बटण नंतर दाबलं तर?"

"मढ्याला ओवाळू?"

"मग मी पदर खोचलेलाच ठेवीन."

"माझ्यासमोर? इतकी वर्षं तू मान राखलास, आता म्हातारपणी मला ते बघायला लावू नको."

"नमस्कारच नाही केला तर?"

"आणि त्याच यंत्राचं खायचं?" अप्पाजींनी कागदाची घडी घातली. "पहिल्या तारखेपासून आत साडी नको. शर्टवाले गडी ठेवतोय. आयतु, झालं."

सुमंतने खिडकीतून मान वळवली, तोंड उघडलं, आणि बाहेर पावसाचं लक्षण दिसतंय म्हणाला.

बायकांपैकी लीला तेवढी राहिली. तिच्या सासूने एका संध्याकाळीत पंजाबी ड्रेसला परवानगी दिली. घरात येणारा पगार पाहिला की सोवळंही सैल होतं. कृष्णाबाईनेही विचारून पाहिलं, मी घालते ड्रेस. गडी हसले. अप्पाजी हसले नाहीत. या वयात शोभेल का, म्हणाले, आणि खण-नारळाने ओटी भरवून तिला निरोप दिला. सोबत साडी. गिरणीच्या त्या दुसऱ्या साडीकडे बघून तिला पहिलीची किंमत कळली.

निवेदिता पुन्हा तपासायला आली, पुन्हा दुपारीच. संध्याकाळी तिचा फोन आला. "अक्का, तुमच्यामुळे झालं सगळं. आकडा एकदम खाली आला."

"हो बाई," कृष्णाबाई म्हणाली. "मीही आले."

पलीकडे हसल्याचा आवाज आला. विनोद समजली ती.

राहिलेला डबा न्यायला कृष्णाबाई एका सकाळी गिरणीच्या दारात गेली. चाक गरगरत होतं. जाळी भिंतीला टेकवलेली. शर्टवाले गडी रांगेत, शेवटी लीला, ओढणी डोक्यावरून घेतलेली, कारण ड्रेस झाला तरी समोर अप्पाजीच. आणि अप्पाजी कुंकू लावायला वाकलेले, खांद्यावरचं उपरणं पुढे घसरत घसरत पट्ट्याच्या दिशेने लोंबत होतं. ते मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सुमंत बटणावर हात ठेवून उभा होता. त्याने उपरणं बघितलं, मग कृष्णाबाईकडे बघितलं. त्याच्या नजरेत तेच जुनं होतं: तू बोल.

कृष्णाबाईने डबा उचलला. सवयीने डोक्यावर पदर घेतला, मग तो काढून कमरेला खोचला.

"सुमंतअण्णा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "हात काढू नका हं."