उरलेला घोट

मी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा माणूस. पन्नास वर्षं नदीकाठच्या रशीद गावातल्या याच गल्लीत भट्टीपुढे बसलोय, शाळेत दोन हिवाळे गेलो असेन नसेन. तेव्हा जसं घडलं तसं सांगतो, पटत नसेल त्यानं पुढे वाचू नये.

त्या दुपारी घाटावरून कुणी एक गाढव पोरगं ओरडत आलं की सबरीची होडी उलटली. सबरी माझा मुलगा, म्हणून गल्ली मला अबू सबरी, सबरीचा बाप, म्हणते. ते गाढव पलीकडच्या काठावरच्या दुसऱ्याच सबरीबद्दल बोलत होतं, पण हे कळायला तास गेला, आणि तेवढा तासभर माझी बायको इन्साफ ना रडली ना ओरडली. मुलूखियाची पालेभाजी चिरता चिरता सुरी तशीच धरून बसली. मग आमचा सबरी स्वतःच जिना चढून आला, खांद्यावर जाळं, आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय."

तिनं त्याला वाढलं. पण तिचं काळीज काही जागेवर आलं नाही.

आठ दिवस झाले तरी मनगटावर अंगठा ठेवला की आत पाखरू कोंडल्यासारखी फडफड लागायची. डॉक्टर म्हणाला, धक्क्यानं हृदयाचा एक भाग फुगलाय. बहुतेकांचं महिन्याभरात पूर्ववत होतं, एखाद्याचं होत नाही.

"हिचं होणार की नाही? एक काय ते बोल," मी म्हणालो.

तो कागदावर लिहीत राहिला.

मग शेजारची उम्म रिफत तिची भीती उतरवायची वाटी घेऊन आली. पितळेची, आत अक्षरं कोरलेली, काठाला बारीक पत्र्या लटकलेल्या. "सात खजूर घालून पाणी रात्रभर गच्चीवर उघड्यावर ठेवायचं, पहाटे पाजायचं. तीन दिवस. उरलेलं झाडाच्या मुळाशी. दुसऱ्या कुणी ओठ लावायचा नाही."

"वाटी हिरवी पडलीय तुझी. आण, कल्हई लावतो."

"आधी स्वतःच्या जिभेला लाव, म्हाताऱ्या. माझ्या वाटीला हात लावशील तर बघ."

इन्साफ हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

पहिल्या पहाटेनंतर फडफड कमी झाली, दुसरीनंतर आणखी. तिसऱ्या पहाटे तिनं वाटी खाली ठेवली तेव्हा तळाशी घोटभर पाणी राहिलं होतं, आणि माझ्या मनात आलं, हिरव्या पितळेनं हे कळकलेलं तर नाही ना. आमच्या धंद्यात कळकलेलं जिभेनंच ओळखतात, तोंडात घ्यायचं आणि थुंकायचं. मी घोट तोंडात घेतला.

"अबू सबरी! हे काय?" इन्साफ ओरडली, आणि दचकून मी तो गिळला.

खजुराची गोडी होती. बाकी काही नाही.

मग रोजच्यासारखा तिच्या मनगटावर अंगठा ठेवला. पाखरू नव्हतं. काहीच नव्हतं. दुसरं मनगट धरलं, गळा चाचपला, छातीला कान लावला. आत विझलेल्या भट्टीची शांतता.

"सोडा हो, या वयात काय हे," म्हणत ती उठली आणि न्याहारीच्या शिजलेल्या घेवड्यावर लिंबू पिळायला लागली. हात उबदार, गालांवर रंग. आणि माझ्या छातीत दोन ठोके. एक माझा, जुना, लंगडा, ओळखीचा. त्याच्या मागे दुसरा, हलका, घाईचा.

मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेऊन काय दाखवणार होतो? उम्म रिफत येऊन वाटी घेऊन गेली, इन्साफ ठणठणीत झाली म्हणून गल्लीभर मिरवली. खरंच झाली होती. परवा खाली कुणाचा तरी गॅस भडकला, सगळी गल्ली किंचाळली, हिनं मान वर केली नाही. दचकलो मी, दोनदा.

काल सबरी म्हणाला, "बाबा, कोळशाचं पोतं राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं." झालं. उचललं आणि तिन्ही जिने एका दमात चढलो. दार ढकललं तर इन्साफ खुर्चीत, एक हात छातीवर, ओठ निळे.

पोतं हातातून सुटलं. मी उंबऱ्यातच बसलो. हलायची हिंमत होईना. माझा श्वास हळूहळू खाली आला, तसतसा तिच्या ओठांचा निळा रंग ओसरला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"जिना हळू चढत जा, अबू सबरी," ती म्हणाली. "मला धाप लागते."