बापाच्या वळणावर

शिवणकामवालीला लेकीचं कौतुक सांगायला निमित्त लागत नसे. पोरगी पंधराव्या वर्षीच दाराच्या चौकटीला टेकली होती. गल्लीत तिला शिडी म्हणत. म्हणोत बापडे! लांबसडक बोटं, आत बसलेली छाती, चालण्याची ढब, सगळं नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा ही बाई वेडीच व्हायची, पण या पोरीकडे बघून सावरली. "माझं म्हणून काही घेतलं नाही मेलीनं," असं ती गिऱ्हाइकांना मिरवून सांगायची.

त्या दुपारी गणवेशांचा गठ्ठा उचलताना शिडी मटकन खाली बसली. छातीत टरकन काही फाटलं म्हणाली, कळ पार पाठीत गेली.

"कुबड काढून बसतेस दिवसभर, दुसरं काय होणार!" आई करवादली. पण पोरीला गार घाम सुटला तशी तिने हातातलं काम टाकलं आणि दवाखाना गाठला.

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "घाबरू नका. या वयात छातीचं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं, नाहीतर पित्ताचं." आईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांची नजर पोरीच्या बोटांवर खिळली.

"घरात आणखी कुणी असं आहे?"

हा तर आईचा आवडता प्रश्न! तिने लगेच फोनमधला फोटो काढला. "हे हिचे बाबा. झेरॉक्स आहे की नाही?"

बाई हसल्या नाहीत. "कशानं गेले?"

"हार्ट अटॅक म्हणाले. बत्तिसाव्या वर्षीच."

मग एकच धावपळ झाली. स्कॅन बघून बाईंनी आईला बाजूला घेतलं. "तो अटॅक नसावा. हे जन्मजात आहे, बापाकडून आलेलं. ही उंची, ही बोटं, सगळं त्यातलंच. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलीय, आतलं अस्तर फाटत चाललंय. ऑपरेशन करतोय, पण फार आशा धरू नका."

"शिवता येईल ना?" तिने विचारलं. विरलेल्या कापडात टाका धरत नाही, हे खरं तर तिला कुणी सांगायला नको होतं.

पोरगी खाटेवर पांढरीफटक पडली होती. "आई, बाबांनाही असंच झालं होतं?"

"छे! त्यांचं वेगळं. तू तर माझ्यावर गेलीयस."

"मी? कुठे गं?"

आईने तिचे कान पाहिले, भुवया पाहिल्या, चादर सारून पाय पाहिले. देवा, एखादा तीळ तरी! खाट न्यायला माणसं आली तरी ती पोरीची पावलं धरून शोधतच होती. शेवटी नर्सनं तिचे हात सोडवले.