हेडलीने कमिटीला सुट्टी दिली

युरोपात राहायचं की नाही यावरून उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावात सख्ख्या भावांची बोलणी बंद झाली, पण लीकवरून तेवढी कधी झाली नव्हती. लीक म्हणजे कांद्याचा चुलत भाऊ. दुकानात मिळतो तो बोटभर जाड असतो, आमच्याकडे वाढवतात तो पोटरीएवढा. कोळशाची खाण बंद पडली, चर्च अर्धं रिकामं झालं, पण खाणकामगारांचा लीक क्लब टिकून राहिला. सप्टेंबर संपता संपता 'प्लाउ' पबच्या मागच्या खोलीत काळ्या कापडावर लीकच्या जोड्या मांडतात. बाहेरगावचा पंच येऊन मापं घेतो. जो पहिला येतो तो पुढचं वर्षभर पबमध्ये जरा रुंद होऊन बसतो.

त्या वर्षी हिल्डा चार्लटनला आपली जोडी त्या कापडावर मांडायची होती, आणि तीही स्वतःच्या नावाने. तिचा नवरा विल्फ त्या हिवाळ्यात वारला होता. जोडीपुढच्या कार्डावर नेहमी विल्फचं नाव असायचं आणि बहुतेक वेळा पहिलं बक्षीसही. पण त्याची पाठ गेल्यापासून तो उलट्या बादलीवर बसून बोट दाखवायचा आणि लीकचे चर हिल्डा खणायची. ते सगळ्यांना ठाऊक होतं. जोडी मांडायची तर क्लबचं सभासद व्हावं लागतं आणि सभासद करून घेणं कमिटीच्या हातात. बाईने कधी अर्ज केला नव्हता, म्हणून बाईला कधी नकारही मिळाला नव्हता.

क्लबचा अध्यक्ष हेडली डॉड्स. विल्फच्या मागे दुसरा येण्याची त्याला इतकी सवय झाली होती की विल्फच्या दफनाच्या दिवशी तो मनापासून रडला आणि दुसऱ्या दिवशी आपले चर मोजून आला.

"विल्फच्या नावाने मांड की," तो हिल्डाला म्हणाला. "आठवण म्हणून. कोणी हरकत घेणार नाही."

"विल्फला त्याचे चर कुठे आहेत ते जिवंतपणी आठवत नव्हतं," हिल्डा म्हणाली. "आता कशाला त्रास देतोस त्याला?"

तिने अर्ज दिला. त्याच आठवड्यात बातमी आली की पंतप्रधानांनी राणीकडून परवानगी आणली आणि पार्लमेंट पाच आठवडे बंद. युरोपपासून काडीमोड घ्यायची तारीख तोंडावर आलेली आणि ज्यांनी त्यावर भांडायचं त्यांनाच घरी पाठवलं. त्या रात्री पबमध्ये कोणाला पत्ते खेळायची गरज पडली नाही.

"हे बरं झालं," रॅल्फ ट्यूलिप म्हणाला. तो कमिटीवर होता आणि युरोपातून कालच बाहेर पडायला हवं होतं असं त्याचं मत होतं. "मालकाने, म्हणजे आपण, तीन वर्षांपूर्वी मत देऊन सांगितलं, चला, बाहेर पडा. हे पार्लमेंटातले सहाशे नोकर अजून दारात उभे राहून बूट शोधतायत."

"म्हणून दिवे घालवायचे?" हेडली म्हणाला. "हरणार असं दिसलं की दार लावून घ्यायचं? ही राज्य करायची रीत नाही, लेका. ही पोरांची रीत आहे. चेंडू माझा, मी चाललो घरी."

"चेंडू त्याचाच आहे ना पण."

"चेंडू आपला आहे."

शनिवारी हेडली बटाट्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर रंगाने फलक लिहून न्यूकॅसलला मोर्चाला गेला. परत आला तेव्हा घसा बसला होता. लोकशाहीसाठी बसलेला घसा तो दोन दिवस सगळ्यांना ऐकवत होता.

मग कमिटीची सभा झाली. आम्ही पाच जण: हेडली, त्याचा मेहुणा नॉरी, रॅल्फ, पबवाला नेव आणि मी. हिल्डाचा अर्ज पुढे आला. रॅल्फचा हात वर जात होता, नेवचा निघाला होता, माझा तर अर्ध्यावर पोचला होता. हेडलीने आमच्या तिघांच्या हातांकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे.

"शो जवळ आला," तो म्हणाला. "सगळ्यांची डोकी तापलेली आहेत. शो होईपर्यंत कमिटी तहकूब."

सभा बोलवायचा अधिकार अध्यक्षालाच. मी घरी जाऊन नियमांची पुस्तिका वाचली. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे माझ्याकडून काही सुटत नाही. तसंच होतं.

रॅल्फ खवळला. "ही हुकूमशाही आहे," तो म्हणाला. "हा लोकांच्या हक्कांवर घाला आहे."

"अरे, परवा तर तू म्हणालास की..." मी म्हणालो.

"ते लंडन. हे लीक आहेत."

हेडलीला विचारलं, तर तो म्हणाला हे वेगळं आहे. कसं वेगळं, विचारलं तर म्हणाला, तिथे देशाचा प्रश्न आहे.

मी हिल्डाला सांगायला गेलो. ती चरात गुडघे टेकून बसली होती.

"कधीपर्यंत बंद?" तिने विचारलं.

"शो होईपर्यंत."

"मग शिक्के कोण मारणार?"

मी बादलीवर बसलो. शोच्या आठवड्यात कमिटी घरोघरच्या वाफ्यांवर फिरून प्रत्येक लीकच्या पातीवर क्लबचा शिक्का मारते, म्हणजे कोणी शेजाऱ्याचा उपटून आणत नाही. शिक्का नाही तर काळं कापड नाही. हा नियम हेडलीलाही लागू होता.

"त्याच्या लक्षात आलेलं नाही," मी म्हणालो.

"तू सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? मला सुट्टी आहे."

शिक्क्याचा रविवार आला. हेडलीने वाट झाडली, टाय बांधला, किटली तापवली आणि फाटकाशी उभा राहिला. दुपार कलली. मग तो टायसकट पबमध्ये आला.

"शिक्का मारायला कोणी आलं नाही," तो म्हणाला.

"कोण यायचं होतं?" रॅल्फने विचारलं.

"कमिटी."

"कुठली कमिटी?"

नॉरीने ग्लासात पाहिलं. बाकीचे सभासद मात्र हेडलीकडे पाहत होते, कारण त्यांचेही लीक बिनशिक्क्याचे उभे होते. उन्हाळाभर पोरांपेक्षा जास्त लाडाने वाढवलेले. हेडलीला ती नजर कळली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी कमिटी. विषय एकच, शिक्के."

"आणि हिल्डाचा अर्ज?" मी विचारलं.

"तहकुबी झाली की आधीची कामं मरतात. लंडनमध्येही तोच कायदा आहे. तिकडे विधेयकं मेली, इथे अर्ज मेला. तिने नव्याने द्यावा, महिनाभर आधी."

यात तो खोटं बोलत नव्हता. पेपरात तसंच आलं होतं. मी हिल्डाला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच खुरपं खाली ठेवलं. शोसाठी राखलेल्या दोन लीकवरची माती पुसली. मग म्हणाली, "सूप करू."

मंगळवारी दुपारी पबचा टीव्ही मोठ्याने लावला होता. लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निकाल दिला होता की पार्लमेंट बंद करणं बेकायदा होतं. हेडलीने सगळ्यांना बिअर पाजली. हे त्याने मुलीच्या लग्नातही केलं नव्हतं.

तेवढ्यात हिल्डा मागच्या दाराने आली. तिला नेवचं मोठं पातेलं हवं होतं. तिचे लीक तिच्या पातेल्यात मावणार नव्हते.

"ऐकलंस का, हिल्डा?" हेडली म्हणाला. "जिंकलो आपण."

"मी टीव्ही लावला नव्हता. काय झालं, नीट सांग."

हेडलीला समजावून सांगायला फार आवडतं. त्याने खुर्ची ओढून दिली. हिल्डा पातेलं मांडीवर घेऊन बसली.

"तहकुबी बेकायदा होती," तो म्हणाला, "आणि नुसती बेकायदा नाही. ती झालीच नाही. समजलं? जणू तो कागद कधी निघालाच नव्हता."

"म्हणजे हरायच्या भीतीने सभा बंद केली, तर ती बंद झालीच नाही?"

"अगदी बरोबर बोललीस."

"पण मग ती मेलेली कामं?"

"कोण मेलंय? सगळी जिवंत आहेत. टेबलावर होती तिथेच."

एवढं बोलून हेडलीने ग्लास उचलला आणि तो ओठांपाशीच राहिला. हिल्डा उठली आणि तिने पातेलं नेवच्या हातात परत दिलं.

"मला तो निकाल बिलकूल मान्य नाही," रॅल्फ म्हणाला. "त्या म्हाताऱ्यांना कोणी निवडून दिलं? पण आपल्याकडे लागू करायला माझी हरकत नाही."

संध्याकाळी कमिटी बसली. आमचे तीन हात वर गेले. हेडलीने इकडे तिकडे पाहिलं. दुपारी पाजलेली बिअर आमच्या पोटात होती आणि त्याचं भाषण सगळ्यांच्या कानात. त्याने हात वर केला. तो गेला म्हणून नॉरीचाही गेला. अर्ज एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी हिल्डाच्या वाफ्यावर शिक्का मारायला हेडली स्वतः आला. मी सोबत होतो. तो चरात गुडघ्यावर बसला आणि शिक्का मारायच्या आधी लीकभोवती बोटांनी माप घेऊ लागला.

"काय घालतेस यांना?" त्याने हळूच विचारलं.

"आधी शिक्का मार."

त्याने मारला.

"पाणी," हिल्डा म्हणाली.

"नुसतं पाणी?"

"आणि रोज सकाळी सांगायचं, नीट वाढा, नाहीतर हेडलीच्या घरी देऊन टाकीन."

शनिवारी पंचाने मापं घेतली आणि पालथी ठेवलेली कार्डं सुलटी केली. रॅल्फ पहिला. हेडली दुसरा. हिल्डा तिसरी. तिने आपलं कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. कार्डं हेडली लिहितो. सुरेख वळणदार अक्षरात त्यावर होतं, 'श्रीमती विल्फ्रेड चार्लटन'.

"नेव, पेन दे," हिल्डा म्हणाली.

"तशीच पद्धत आहे," हेडली म्हणाला. "बायकांना नवऱ्याच्या नावानेच लिहितात."

"लिहीत असतील." तिने कार्ड काळ्या कापडावर ठेवलं, विल्फ्रेडवर रेघ मारली आणि वर सावकाश 'हिल्डा' लिहिलं.

"कार्डावर खाडाखोड करायला कमिटीची परवानगी लागते," हेडली म्हणाला.

"मग बोलव की कमिटी," हिल्डा म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.