पोवळ्याचं पाणी

आमच्या बबनला धीर म्हणून नाही. पोपट आणला, महिनाभरात बोलला नाही म्हणून शेजारच्या सोजरबाईला देऊन टाकला. रेडिओ खरखरला तर उघडून त्याचे तुकडे परातीत मांडून ठेवले. आणि आता हे पोवळं. आणून नऊ दिवस झाले नाहीत, तर म्हणतो, "मेलं हे, आये. गुरुवारी सुट्टी हाय, टाकून येतो."

पोवळं म्हणजे मला सोनाराकडचे लाल मणी तेवढे ठाऊक. हे निराळंच. बबनच्या दोस्ताचं, करीमचं, भोसरीत गॅरेज आहे. त्याचा मेहुणा शफी ट्रक घेऊन रत्नागिरीला जातो. तिथं कोळ्यांच्या जाळ्यात दगडासकट आलेलं हे त्यानं समुद्राच्या पाण्यात घालून जिवंत आणलं. रंग कमी दुधाच्या चहासारखा, आकार उकिरड्यावरच्या भुईछत्रीसारखा, आणि हाताला ओल्या चामड्यासारखं लागतं. म्हणून चामडी पोवळं. बबनच्या काचेच्या टाकीत, समुद्राच्याच पाण्यात, दोन महिन्यांपासून दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे होतेच, त्यांच्या शेजारी हा दगड बसवला.

"आये, हे झाड न्हाई, जनावर हाय."

"मग त्वांड कुठाय त्याचं?"

"अंगभर. बारीक बारीक बोटं भाईर काढतं, त्यानंच खातं."

अंगभर तोंडं, आणि आवाज एक नाही! असलं गुणी जनावर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी स्टूल ओढून बसले. पहिल्या संध्याकाळी दहा-बारा बोटं निघाली, माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग मिटली ती मिटलीच. अंग आकसलं, वर मेणासारखी चकचकीत साय धरली.

बबन दातांचा ब्रश घेऊन आला. "घासून काढतो."

"हात लावून बघ! सापाची कात कुणी वढून काढतं व्हय रं?"

कात हा माझा अंदाजच होता. पण सायीची एक कड सुटून पाण्यात हलत होती, आणि मेलेल्याला येतो तसा वास नव्हता. कात टाकायची आहे, पण कशानं तरी अडलंय, एवढं मला दिसत होतं.

शनिवारी काच पुसताना वरच्या कडेला पांढरी खरबरीत रेघ बोटाला लागली. ही रेघ माझ्या ओळखीची. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीला उन्हाळ्यात अशीच धरते. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. आणि आमचा शहाणा दोन महिने काय करत होता? टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलं की शफीनं आणून दिलेल्या कॅनमधलं समुद्राचं पाणी वरून ओतत होता. मी कॅनमधलं थेंबभर जिभेवर घेतलं, मग टाकीतलं. टाकीतलं जिभेला चावलं.

बबन कंपनीत, बॅटऱ्यांच्या खात्यात, फर्स्ट शिफ्टला होता. सून सुमन म्हणाली, "अत्याबाई, नळाचं वता की." पण नळाच्या पाण्याला औषधाचा वास. मी बस धरून करीमकडं गेले. तो एका जीपच्या बॅटरीत बाटलीनं पाणी घालत होता.

"करीम, ह्यात काय मिसळलंय?"

"काहीच न्हाई, मावशी. वाफेचं पाणी, डिस्टिल वॉटर. बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड तिथंच ऱ्हातं. म्हणून वरनं हेच घालायचं."

मी तिथंच हसले. त्याला वाटलं त्यालाच हसले. पाच लिटरचा कॅन भरून घेतला.

समुद्राच्या पाण्याचा कॅन माझ्या खाटेखाली सारला. बबनला म्हणाले, संपलं. मग बबन कामावर गेला की टाकीतलं तांब्याभर खारट काढायचं, तांब्याभर हे घालायचं. जास्त नाही. खारातली कैरी एकदम साध्या पाण्यात टाकली की फुगून मऊ पडते, मला ठाऊक आहे. बुडबुड्यांची नळीही पोवळ्याकडं वळवली, सायीला जरा हलवायला. मेलं असतं तर आता माझ्या हातानं मेलं असतं.

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. बुधवारी दुपारी साय सुटली, अख्खी, टोपी काढावी तशी. ती मी चहाच्या गाळणीनं उचलली.

गुरुवारी सकाळी बबन बादली घेऊन आला आणि टाकीपुढं तसाच उभा राहिला. पोवळं फुगलं होतं. अंगभर बोटं, शेकड्यांनी, पाण्यात डुलत होती.

"आये... हे कसं काय?"

"आधी मला सांग. कंपनीत दिवसभर बॅटऱ्याच बघतोस न्हवं? त्यातलं पाणी उडालं तर वरनं ॲसिड वततोस?"

"छ्या! नुसतं पाणी घालतो."

"मग घरी येताना अक्कल काय कार्डासंगं गेटावर ठिवून येतोस? पोवळ्यात खोट न्हाई, बबन, तुझ्यात हाय. ह्या टाकीत आजपासनं पाणी मी घालणार. तू बघायचं. हात मागं बांधून."